‘जागा मोकळी करा’ आणि ‘हटवा’: गूगल फोटोज्‌मधील दोन पर्यायांतील फरक

फोनमधील जागा संपत आल्याची सूचना आली की बहुतेक अँड्रॉइड वापरणारे सर्वप्रथम गूगल फोटोज् उघडतात, कारण जागा मुख्यतः फोटोंनी आणि व्हिडिओंनी व्यापलेली असते हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. तेथे त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. वरच्या कोपऱ्यातील आपल्या खात्याच्या चित्रावर टॅप केल्यास ‘या डिव्हाइसवरील जागा मोकळी करा’ अशा अर्थाचा पर्याय दिसतो, आणि एखादा फोटो निवडून कचरापेटीच्या चिन्हावर टॅप केल्यास तो फोटो हटवता येतो. (फोनची भाषा आणि अ‍ॅपची आवृत्ती यांनुसार शब्द थोडे बदलतात.) दोन्हींचा परिणाम फोनच्या पडद्यावर सारखाच दिसत असल्यामुळे दोन्ही कृती एकच आहेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पहिल्या कृतीने फोटोची फोनमधील प्रत तेवढी जाते, तर दुसरीने तो फोटो सगळीकडूनच जातो. फोटो कायमचे गमावल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांपैकी पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी हीच गल्लत असते.

बॅकअप सुरू असलेल्या फोनवर प्रत्येक फोटोच्या दोन प्रती असतात, एक फोनच्या स्वतःच्या मेमरीत आणि दुसरी आपल्या गूगल खात्यात. फोनची मेमरी ६४, १२८ किंवा २५६ जीबी अशी विकत घेतानाच ठरलेली असते, तर गूगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज् या तिघांत मिळून वापरली जाते. मात्र अ‍ॅप या दोन्ही प्रती एकाच यादीत, एकच फोटो म्हणून दाखवते. रोजच्या वापरासाठी ही सोय उत्तम आहे, पण हटवण्याची वेळ आली की नेमकी तीच गोंधळ उडवते, कारण आपण कोणत्या प्रतीला हात लावत आहोत हे यादीकडे पाहून कळत नाही.

ते पाहण्याचा मार्ग मात्र आहे. कोणताही एक फोटो उघडून बोट खालून वर सरकवले की त्याची तारीख, ठिकाण आणि कॅमेऱ्याचा तपशील यांच्याबरोबर तो खात्यात बॅकअप झाला आहे का आणि फोनवर आहे का, हे वेगवेगळ्या ओळींत आकारासह दिसते. बॅकअपची ओळ असेल पण फोनची नसेल, तर तो फोटो फक्त गूगलकडे आहे. फोनची ओळ असेल पण बॅकअपची नसेल, तर तो फक्त आपल्या हातातील यंत्रात आहे आणि फोन हरवला की त्याच्याबरोबर जाणार आहे. जागा साफ करायला बसण्यापूर्वी चार-पाच महत्त्वाचे फोटो असे तपासून पाहिले, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

‘जागा मोकळी करा’ हा पर्याय निवडल्यावर अ‍ॅप फोनमधील फोटो तपासते, त्यांपैकी कोणते खात्यात सुरक्षित पोहोचले आहेत ते पाहते, किती जागा मोकळी होईल तो आकडा दाखवते आणि आपली संमती मिळाल्यावर तेवढ्यांच्याच फोनमधील प्रती काढून टाकते. ज्यांचा बॅकअप झालेला नाही त्यांना ते हात लावत नाही. त्यामुळे हा पर्याय पुष्कळ सुरक्षित आहे, पण त्याचे परिणाम समजून घेऊनच तो वापरावा. यानंतर ते फोटो गूगल फोटोज्‌मध्ये दिसत राहतात, परंतु फोनच्या स्वतःच्या गॅलरीत दिसत नाहीत, आणि मूळ स्पष्टतेत पाहायचे किंवा कोणाला पाठवायचे असतील तर इंटरनेट लागते. कोकणातल्या एखाद्या वाडीत किंवा घाटातल्या प्रवासात, जेथे नेटवर्क येते-जाते, तेथे आजीला नातवाचा व्हिडिओ दाखवायचा म्हटले की पडद्यावर नुसते फिरणारे वर्तुळ दिसते. असे हवे असणारे मोजके फोटो व व्हिडिओ आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत किंवा नंतर एकेक करून पुन्हा डाउनलोड करून घ्यावेत.

याहून महत्त्वाचा मुद्दा बॅकअपच्या दर्जाचा आहे, आणि तो फारसे कोणी पाहत नाही. बॅकअपच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल क्वालिटी’ आणि ‘स्टोरेज सेव्हर’ असे दर्जे असतात. ओरिजिनलमध्ये फोटो जसा काढला तसाच खात्यात जातो. स्टोरेज सेव्हरमध्ये तो दाबून लहान केला जातो. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ मेगापिक्सेलवर आणला जातो आणि १०८०पी पेक्षा वरच्या दर्जाचा व्हिडिओ १०८०पी वर. हा दर्जा निवडलेला असताना ‘जागा मोकळी करा’ वापरले, तर फोनमधील मूळ फोटो जातो आणि मागे उरते ती लहान केलेली प्रत. पुढे कितीही वेळा डाउनलोड केले तरी मूळ परत येत नाही. फोनवर पाहण्यासाठी आणि साध्या आकारात छापून घेण्यासाठी ही प्रत पुरते, असे माझे मत आहे; परंतु ५० किंवा १०८ मेगापिक्सेलच्या मोडमध्ये मुद्दाम काढलेले फोटो किंवा लग्नाचे फोर-के चित्रीकरण ज्यांना जपायचे आहे, त्यांनी ते आधी संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे.

पुष्कळांचा भ्रमनिरास आणखी एका ठिकाणी होतो. हा पर्याय वापरूनही फोन भरलेलाच राहतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आणि व्हिडिओ त्याच्या कक्षेत नसतात. गूगल फोटोज् आपणहून फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेते. व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर आपण वेगळे निवडल्याखेरीज त्यांचा बॅकअप होत नाही, आणि बॅकअप नाही म्हणून त्यांची फोनमधील प्रतही काढली जात नाही. ते निवडावे असे मी सुचवणार नाही, कारण मग रोज सकाळची ‘सुप्रभात’ची चित्रे आपल्या १५ जीबीत जाऊन बसतील. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडावे. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा पुढे पाठवलेला मजकूर तेथे वेगळा काढून ठेवलेला असतो व एकगठ्ठा हटवता येतो.

आता दुसऱ्या पर्यायाकडे वळू. गूगल फोटोज्‌मध्ये बॅकअप झालेला फोटो हटवला की तो गूगल खात्यातून, फोनमधून, त्याच खात्याने बॅकअप सुरू असलेल्या इतर फोनांवरून व टॅबलेटवरून आणि ज्या अल्बममध्ये तो लावला होता तेथूनही निघतो. ‘खात्यात आहेच, फोनमधला काढतो’ असे म्हणून कचरापेटीच्या चिन्हावर टॅप करणारा माणूस नेमके उलटे करून बसतो. फक्त फोनमधील प्रत काढायची असेल तर फोटो उघडून त्याच्या पर्यायांमधील ‘डिव्हाइसवरून हटवा’ हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. हे एकेका फोटोपुरते ‘जागा मोकळी करा’च होय. गंमत अशी की, जागेची तातडीची गरज असणाऱ्याला हटवण्याचा लगेच उपयोगही होतोच असे नाही. अँड्रॉइड ११ पासून हटवलेला फोटो आधी ट्रॅशमध्ये, म्हणजे हटवलेले फोटो काही दिवस राहतात त्या कप्प्यात, जातो आणि तेथे असेपर्यंत फोनची जागा अडवून राहू शकतो, त्यामुळे ट्रॅश रिकामा केल्यावरच आकडा हलतो. ‘जागा मोकळी करा’ने मात्र तो तत्काळ हलतो.

मग हटवण्याचा पर्याय वापरायचा तरी केव्हा? जो फोटो कोठेच नको आहे, त्याच्यासाठी. हललेले फोटो, एकाच क्षणाचे सात-आठ फोटो, भरलेल्या वीजबिलाचे आणि कधीच्या रेल्वे तिकिटाचे स्क्रीनशॉट यांना दोन्हीकडे जागा देण्याचे कारण नाही. तसेच, भरलेली जागा फोनची नसून खात्याची असेल, तेव्हाही हटवण्याखेरीज फारसा पर्याय राहत नाही.

जागा संपत आल्याच्या सूचनाही दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतही लोक गोंधळतात. एक सूचना फोनकडून येते आणि दुसरी गूगलकडून, खात्यातील जागा संपत आल्याची. दिसायला दोन्ही सारख्याच असतात. गूगलची सूचना आल्यावर ‘जागा मोकळी करा’ कितीही वेळा वापरले तरी उपयोग नाही, कारण तो पर्याय खात्यातील एक एमबीसुद्धा कमी करत नाही. ही सूचना वाढण्याचे कारणही आहे. २०१५ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा लहान केलेल्या दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत असत. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीत मोजले जाऊ लागले, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत धरला जाऊ लागला. सेकंदाला ३० फ्रेमच्या फोर-के व्हिडिओला अ‍ॅपल आपल्या कॅमेऱ्यात मिनिटाला सुमारे १७० एमबी धरते. त्या हिशेबाने मूळ दर्जात ठेवलेल्या दीड तासाच्या चित्रीकरणातच १५ जीबी संपतात. खाते पूर्ण भरले तर फोटोंचा बॅकअप थांबतोच, शिवाय जीमेलवर पत्रे येणे-जाणेही बंद पडते, म्हणून ही सूचना दुर्लक्षिण्यासारखी नाही.

अशा वेळी अ‍ॅपच्या बॅकअप विभागातील ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये मोठे व्हिडिओ, अस्पष्ट फोटो आणि स्क्रीनशॉट वेगवेगळे काढून दाखवलेले असतात. मात्र तेथून हटवलेला व्हिडिओ फोनमधूनही जातो, हे लक्षात ठेवूनच यादीवर टिचक्या माराव्यात. काहीच न हटवता खात्यातील जागा सोडवायची असेल, तर संगणकावरील ब्राउझरमध्ये गूगल फोटोज्‌च्या सेटिंगमध्ये ‘रिकव्हर स्टोरेज’ हा पर्याय आहे. तो मूळ दर्जात चढवलेल्या जुन्या फोटोंचे स्टोरेज सेव्हरमध्ये रूपांतर करतो. मूळ प्रत फोनवर किंवा डिस्कवर असेल तरच तो वापरणे शहाणपणाचे आहे, कारण एकदा केलेले रूपांतर मागे घेता येत नाही.

फोन बनवणाऱ्या कंपनीच्या गॅलरी अ‍ॅपमधून फोटो काढला, तर साधारणपणे फोनमधील प्रत जाते आणि बॅकअप झालेली प्रत गूगल फोटोज्‌मध्ये राहते. म्हणजे तेच कचरापेटीचे चिन्ह दोन अ‍ॅपांत दोन वेगळी कामे करते. एकाच फोनवर दोन्ही अ‍ॅप वापरणाऱ्यांनी जागा साफ करण्यासाठी त्यांतले एकच ठरवून घेतलेले बरे.

आयफोनवर हिशेब आणखी बदलतो. तेथे गूगल फोटोज्‌चा ‘जागा मोकळी करा’ पर्याय फोटो आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’ अल्बममध्ये टाकतो, आणि तो अल्बम रिकामा करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. त्यातच अ‍ॅपलची स्वतःची ऑनलाइन साठवण सेवा आयक्लाउड फोटोज् सुरू असेल, तर ते फोटो आयक्लाउडमधून आणि त्याला जोडलेल्या आयपॅडवरूनही निघून जातात. गूगलकडील प्रत तेवढी उरते. आयक्लाउड वापरणाऱ्यांसाठी फोनमधील जागा वाचवण्याची खरी सोय ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ ही आहे. ती मूळ फोटो आयक्लाउडमध्ये ठेवते आणि फोनवर लहान आकाराची प्रत ठेवते. आयक्लाउडची विनामूल्य जागा मात्र केवळ ५ जीबी असल्यामुळे पैसे न भरता तिचा फार काळ उपयोग होत नाही.

चुकून हटवलेला फोटो परत मिळण्याची मुदत त्याचा बॅकअप झाला होता की नाही यावर ठरते. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोज्‌च्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढील फोनवरील बॅकअप न झालेला फोटो ३० दिवस, आणि आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मधील फोटोही साधारण ३० दिवस. या मुदतीत ट्रॅश उघडून फोटोवर बोट दाबून धरावे आणि ‘रिस्टोअर’ निवडावे, म्हणजे तो आपल्या मूळ तारखेच्या जागी, ज्या अल्बममध्ये होता त्या अल्बमसह परत येतो. जागेच्या घाईत त्याआधीच ट्रॅश रिकामा केला असेल, तर मुदत शिल्लक असूनही तो परत मिळत नाही.