सायकलचा पुढचा ब्रेक : उजवा हात की डावा

सायकलच्या पुढच्या चाकाचा ब्रेक कोणत्या हाताखाली असावा, याच्या जगात दोन रीती आहेत. भारत, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया येथे तो उजव्या हाताला असतो. अमेरिकेत आणि युरोपातील बऱ्याच देशांत डाव्या. ब्रिटनच्या २०१० च्या नियमांत उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असे स्पष्ट लिहिले आहे. अमेरिकी नियम नेमका उलटा, मात्र गिऱ्हाइकाने मागितल्यास बदलून देण्याची मुभा ठेवणारा.

कारण म्हणून वाहतुकीची बाजू सांगितली जाते. सोलापुरात सात रस्त्याला उजवीकडे वळायचे तर रहदारी ओलांडताना उजवा हात बाहेर काढावा लागतो. हँडलवर उरतो डावा, आणि त्याच्याखाली मागचा ब्रेक. एका हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला तर हँडल फिरते, म्हणून ही सोय. उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशांत हाच तर्क आरशातल्यासारखा उलटतो. बहुतेकांचा उजवा हात जास्त तरबेज असतो, म्हणून नाजूक काम त्याच्याकडे द्यावे, असेही एक मत आहे. पण मग अमेरिकेतही तसेच असायला हवे होते.

काम नाजूक खरेच. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो आणि मागचे चाक हलके होऊन घसरू लागते. कोरड्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल पुढच्या ब्रेकने साधारण अडीच-पावणेतीन मीटरमध्ये थांबू शकते. नुसत्या मागच्याने त्याच्या दुप्पट अंतर लागते. तरी ‘पुढचा दाबू नको, तोंडावर आपटशील’ ही ताकीद घरोघर मिळते. ती निम्मीच खरी आहे. झटक्याने दाबला तर मागचे चाक उचलते. अंग मागे रेलून दाब हळूहळू वाढवला तर नाही. यंत्रमागावरच्या चादरींचा गठ्ठा कॅरियरला बांधलेला असेल, तर मागचे चाक सहसा उचलत नाही आणि मागचा ब्रेकही एरवीपेक्षा चांगला लागतो.

गिरणीच्या भोंग्यावर धावणाऱ्या जुन्या काळ्या सायकलींना वायरऐवजी सळयांचे ब्रेक असत. त्यांची रबरे रिमच्या आतल्या अंगाला घासत आणि ओल्या लोखंडी रिमवर फारशी धरत नसत. त्या सळयांत हात बदलणे जिकिरीचे. वायरच्या ब्रेकमध्ये लिव्हरपाशी दोन वायरींची अदलाबदल केली की झाले, फक्त वायरीला तीव्र वाक पडता कामा नये. म्हणूनच परदेशी पद्धतीने जोडलेली गिअरची सायकल कोपऱ्यावरचा मिस्त्रीही उजवी करून देऊ शकतो. करून घ्यावी हे बरे, कारण मोटरसायकल आणि बिनगिअरची स्कूटर दोन्हींवर पुढचा ब्रेक उजव्याच हाताला असतो. डाव्या हाताला मात्र स्कूटरवर मागचा ब्रेक मिळतो आणि मोटरसायकलवर क्लच.