कामगार कपात

काम घटले, नवे यंत्र आले किंवा एखादे खाते बंद झाले म्हणून मालकाने कामगाराला नोकरीतून कमी करणे म्हणजे कपात. गैरवर्तनाबद्दलची बडतर्फी ही शिक्षा असते. तिला आरोपपत्र आणि चौकशी लागते. सेवानिवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती आणि मुदतीच्या कराराची मुदत संपणे यांची गणती कपातीत होत नाही. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये कपातीवरची बंधने १९५३ साली आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये आहेत. व्यवस्थापकाला त्यांचा आधार नाही, तसाच महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतनाच्या पर्यवेक्षकालाही नाही.

नोटीस आणि भरपाईचा हक्क लागू होतो तो एक वर्ष सलग सेवा झाल्यावर. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष पुरे धरतात; भूमिगत खाणीत १९०. पगारी रविवार आणि सुट्ट्याही मोजायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवले, त्यामुळे हा आकडा वाटतो तितका अवघड नाही. अवघड आहे ते सिद्ध करणे. पुरावा कामगाराने द्यायचा आणि हजेरीपुस्तक मालकाच्या कपाटात! म्हणून पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी नोकरीत असतानाच जपाव्या लागतात.

मालकाने कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार द्यायचा, सरकारला कळवायचे आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यायचे. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ७ वर्षे ८ महिने सेवा झाली असेल तर १२० दिवसांचे वेतन. ७ वर्षे ५ महिने असेल तर १०५ दिवसांचे. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून, म्हणजे कमी केलेल्या कामगारांसाठी मालकाने पैसे भरायच्या निधीतून, आणखी १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवे.

कारण खरे असूनही कपात कोर्टात पडते ती बहुधा पैशांच्या वेळेवरून. भरपाई कपातीच्या क्षणीच हातात पडली पाहिजे. 'हिशेब नंतर घेऊन जा' म्हटले की कपात बेकायदा, हे १९६० च्या निकालापासून पक्के आहे. दुसरी चूक सेवाज्येष्ठतेची. त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो. क्रम मोडायचा तर कारण नोंदवावे लागते. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी संधी.

कारखाने, खाणी आणि मळ्यांत कामगार ३०० किंवा अधिक असतील तर तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते. अर्जावर ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानतात. कामगारसंख्येची ही मर्यादा १९७६ मध्ये ३०० होती, नंतर १०० झाली, आता पुन्हा ३००.

दाद मागायची ती आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, मग औद्योगिक न्यायाधिकरणाकडे. कामावरून काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. या साऱ्याला बगल देण्याची जुनी युक्ती म्हणजे राजीनामा लिहून घेणे. राजीनाम्यावर सही झाली की कागदोपत्री कपात उरतच नाही, आणि सही दबावाखाली घेतली हे दाखवायचे ओझे कामगारावर येते.