कोकणातील वन्यजीव कुरणे: मशागतीच्या लहान अवजारांची निवड

वन्यप्राण्यांना चरण्यासाठी मुद्दाम राखलेल्या किंवा पेरलेल्या जमिनीच्या तुकड्यांची मशागत हा या नोंदीचा विषय आहे. अमेरिकेत ही प्रथा खासगी जमीनमालकांमध्ये चांगली रुळलेली आहे. तिथे हरणे आणि टर्की यांच्यासाठी क्लोव्हर, ओट, सलगम पेरतात आणि त्यामागे बहुतेकदा शिकारीचा हेतू असतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मुळे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तो हेतू इथे निकालात निघतो. आपल्याकडे कुरण विकास हे मुख्यतः वन विभागाचे काम. रानमोडी आणि घाणेरी ही माजलेली तणे उपटून काढायची आणि मारवेल, शेडा, डोंगरी अशा देशी गवतांना जागा करून द्यायची, हे त्याचे ढोबळ स्वरूप. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगरउताराची बरीच जमीन खासगी मालकीची आहे. भेकर, सांबर, ससे, मोर, काही भागांत गवे यांचा वावर त्याच जमिनीत असतो. त्यामुळे पड राहिलेल्या वरकस (उतारावरच्या हलक्या) जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न मालकापुढेही येतो.

अवजाराचा विचार सुरू होतो जमिनीपासून. कोकणात ‘जमीन’ या एका शब्दाने भागत नाही. घाटीखालचे भाताचे कुणगे, खाडीलगतची खारी जमीन (खार), उतारावरची वरकस आणि माथ्यावरचा कातळी सडा, म्हणजे उघड्या खडकाचे पठार, यांची मशागत वेगवेगळी होते. कुरणासाठी उपयोगी पडते ती प्रामुख्याने वरकस, म्हणजे पूर्वी नाचणी-वरी घेऊन नंतर पड टाकलेली जमीन. ती जांभ्याची, आम्लधर्मी आणि उथळ असते. वीतभर मातीखाली कधी मऊ चिखलवट लागते, कधी थेट दगड. मे महिन्यात ती विटेसारखी कडक असते, तर जुलैत पाय रुततो. मशागतीला योग्य असा काळ या दोन टोकांच्या मधला, फार थोड्या दिवसांचा आहे. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की मिरगाचा पाऊस धरेपर्यंत किंवा पाऊस ओसरल्यावर जमिनीत ओल असेपर्यंत. मूठभर माती दाबून सोडली की तिचा गोळा राहावा, पण बोटाने टोचताच फुटावा. गोळा फुटलाच नाही तर यंत्र घरीच ठेवलेले बरे.

यंत्र घेताना लोक पहिल्यांदा अश्वशक्ती विचारतात. कोकणात खरे तर आधी वाट विचारावी. मुख्य रस्त्यापासून त्या तुकड्यापर्यंत पाणंद आहे की नुसती पायवाट? मध्ये किती मेरा (बांध) ओलांडायच्या? वहाळ (ओढा) आहे का? 12 ते 15 अश्वशक्तीचा डिझेल पॉवर टिलर, म्हणजे मागे चालत चालवायचे मशागतीचे यंत्र, रोटरीसकट (माती उकरणाऱ्या फिरत्या पात्यांसकट) 400 किलोच्या आसपास भरतो. भातात चिखलणीला त्याच्यासारखे यंत्र नाही. 1960 च्या दशकात जपानी तंत्रज्ञानासोबत तो भारतात आला आणि बंगळूरची व्हीएसटी व केरळची कॅम्को या कंपन्यांनी तो देशात तयार करायला घेतला, तोही मुख्यतः भातासाठीच. पण हाच टिलर कमरेएवढ्या मेरेवरून वर चढवायचा तर फळ्या, दोर आणि चार माणसे लागतात. चढताना क्लच सुटला तर काय होईल हे सांगायला नको. 5 ते 9 अश्वशक्तीचा पॉवर वीडर, म्हणजे तसेच पण लहान यंत्र, साधारण 60 ते 120 किलोंचा असतो. त्यातला हलका दोघे जण उचलून मेर पार करतात. कोकणातल्या वरकस कुरणासाठी बहुतेक ठिकाणी उत्तर तिथेच येऊन थांबते. मिनी ट्रॅक्टरचा विचार जिथे सलग अर्धा एकर तरी सपाट आहे आणि थेट वाट आहे, तिथेच करावा. बैलजोडीचे जोत अजून ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते कमी लेखू नये. दगड लागला की बैल थांबतो, यंत्र थांबत नाही.

रोटरी मशागतीची कल्पना ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी 1912 च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. फिरणाऱ्या दांड्यावर वाकवलेली पाती, हे तिचे सूत्र आजच्या लहान वीडरमध्येही तसेच आहे. पात्यांचा आकार मात्र पाहून घ्यावा. कोरड्या जमिनीत, पालापाचोळा आणि गवताच्या मुळ्या असतील तिथे ‘एल’ आकाराची पाती घेतात. ओल्या, जड मातीत ‘सी’ आकाराची पाती बरी चालतात. पाती गेली की दांड्यावरून काढून बदलता येतात का आणि तालुक्याच्या गावी तीच पाती मिळतात का, हे विकत घेण्याआधी विचारावे. जांभ्याच्या खड्यांवर पात्यांची धार झपाट्याने जाते, आणि मुंबई-पुण्याहून पाती मागवेपर्यंत पाऊस लागतो.

रुंदीचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. एक एकर म्हणजे 40 गुंठे. 60 सेंटिमीटर रुंदीच्या पात्यांनी त्यात एकदा फिरायचे तर यंत्रामागे जवळपास पावणेसात किलोमीटर चालावे लागते, तेही उतारावर, हँडल दाबून धरत. आडवी-उभी अशा दोन पाळ्या घातल्या तर साडेतेरा. म्हणून लहान वीडरने एकरभर कुरण सलग उकरण्यापेक्षा पाच-दहा गुंठ्यांचे पट्टे करणे शहाणपणाचे. हे पट्टे उताराला आडवे हवेत. कोकणात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उताराच्या दिशेने काढलेली प्रत्येक चरी पहिल्याच मोठ्या पावसात ओहोळ बनते आणि वरची माती वहाळात जाऊन बसते.

पेरणीला खोल नांगरट लागते हा समज भातशेतीतून आलेला आहे. गवताचे किंवा नाचणी-वरीचे बी बारीक असते. पाच-सात सेंटिमीटर माती भुसभुशीत झाली, बी वरवर पडले आणि त्यावर दाताळे फिरले की पुरे. देशी गवताचा साठा जमिनीत आधीच असेल, तर मशागतीची गरजच नसते. रानमोडी फुलावर येण्याआधी ग्रासकटरने कापावी, तिची खोडे पहारीने किंवा पिकासने मुळासकट काढावीत आणि उघड्या जागेत मारवेलचे ठोंब लावावेत. चार माणसांच्या हातच्या या कामाने जेवढे साधते तेवढे टिलरने साधत नाही. टिलर रानमोडी-घाणेरीची खोडे बारीक तोडून पसरवतो आणि त्यातल्या काहींना पुन्हा फुटवे येतात. मशागत सुरू करण्यापूर्वी हे तण मुळासकट निघाले आहे ना, एवढेच आधी पाहावे.

वीडर हाताळताना दोन गोष्टींनी माणसे जखमी होतात. मातीत दडलेला जांभ्याचा दगड पात्याला लागला की यंत्र अचानक पुढे उसळते आणि हँडल छातीवर किंवा हनुवटीवर बसते. दुसरी गोष्ट रिव्हर्स. मागे घेताना पाती फिरत राहिली आणि पाय मेरेला अडखळला, तर यंत्र माणसावर येते. रिव्हर्स टाकताच रोटरी आपोआप सुटते असे मॉडेल घ्यावे, चार पैसे जास्त गेले तरी. गवत पात्यांना गुंडाळले की ते इंजिन बंद करूनच सोडवावे, नुसता क्लच दाबून नव्हे. पायात बूट हवेत. भातात अनवाणी उतरण्याची सवय इथे चालत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमुळे होतो आणि ज्या गवतात वन्यप्राणी वावरतात त्या गवतात गोचीड असणारच.

काही जागा मशागतीसाठी नाहीतच. सड्यावर बोटभर मातीत पावसाळी फुलझाडांची जी दुनिया उगवते, ती एका वीडरच्या फेरीत संपते आणि परत येत नाही. त्याच सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रे, आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी इथली शिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. नोंद न झालेली शिल्पे मातीखाली किती असतील कोण जाणे. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय कुदळही मारता येत नाही. खासगी जमिनीतही सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असा शेरा नाही ना, हे आधी पाहावे. 1975 च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमामुळे अशा जमिनीचा दर्जा वेगळा असतो. आणि कुरण वस्तीपासून, विशेषतः नाचणी-भुईमुगाच्या शेतापासून दूर हवे. पेरलेल्या नाचणीची चव लागलेले रानडुक्कर आपल्या पट्ट्यापाशी थांबत नाही, शेजाऱ्याच्या शेतात जाते, आणि मग भांडण यंत्रावरून होत नाही.

विकत घ्यायचे की भाड्याने, याचे उत्तर वापराच्या दिवसांवर आहे. कुरणाचे काम वर्षातून आठवडाभराचे. तेवढ्यासाठी नवा टिलर घेणे परवडत नाही. आंबा-काजूच्या बागेत तोच वीडर आळी खणायला, गवत काढायला चालणार असेल तर गोष्ट वेगळी. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातून साधारणपणे अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के व इतरांना 40 टक्के, ठरलेल्या मर्यादेत, अनुदान मिळते. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करायचा, आणि पूर्वसंमती येण्याआधी यंत्र घेतले तर अनुदान बुडते. किनाऱ्याजवळ खारा वारा पेट्रोल टाकी आणि पत्रे लवकर खातो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, पाती धुऊन त्यांना जुने इंजिन ऑइल लावून वीडर पडवीत फळीवर ठेवावा, जमिनीवर नाही.