वेळापत्रकातली हरवलेली अक्षरे

प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रशिक्षण म्हटले की बहुतेक ठिकाणी सुरुवात सॉफ्टवेअरपासून होते. दोन दिवसांत कामांची यादी भरता येते, रंगीत पट्ट्या उमटतात, शेवटची तारीख आपोआप निघते. पण साइटवर पहिला पाऊस पडला की तो तक्ता जुना होतो, आणि मग कुणी तो उघडतही नाही. असे का होते हे समजायला या पट्ट्या मुळात कशासाठी आखल्या गेल्या ते पाहावे लागते.

पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की याने १८९६ च्या सुमारास अशा प्रकारचा तक्ता बनवला होता. पण त्याचे लेखन इंग्रजीत नव्हते, त्यामुळे नाव झाले ते अमेरिकेच्या हेन्री गँटचे. १९१० च्या दशकात त्याचे तक्ते कारखान्यांत आणि पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी वापरात आले. या तक्त्यांतली एक गोष्ट आज कुणी शिकवत नाही. काम ठरल्यापेक्षा मागे पडले, तर पट्टीशेजारी एक अक्षर लिहायचे: माल आला नाही, यंत्र दुरुस्तीला गेले, कामगार नवखा आहे, सूचनाच मिळाल्या नाहीत. किती उशीर झाला याच्याइतकेच तो का झाला हेही मुकादमाला एका नजरेत दिसे. माझ्या मते गँटचे खरे देणे ही अक्षरे आहेत.

पुढची पायरी १९५७ च्या आसपासची. ड्युपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकावर ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत बसवली. घर बांधणाऱ्याला ती सहज कळेल. सेंटरिंग झाल्याशिवाय सळई बांधता येत नाही आणि सळईशिवाय स्लॅब पडत नाही. ही साखळी म्हणजेच क्रिटिकल पाथ; ती एक दिवस लांबली की घर एक दिवस लांबते. खिडक्यांच्या ग्रिल मात्र आठ दिवस उशिरा आल्या तरी चालते. म्हणजे जादा माणसे आणि पैसा कुठे लावायचा, हे साखळी सांगते.

जवळपास त्याच वेळी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही पद्धत आणली. पूर्वी कधीच न केलेल्या कामाला किती दिवस लागतील, हे कोण सांगणार? म्हणून प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतले जात: सगळे सुरळीत गेले तर, नेहमीसारखे गेले तर, आणि सगळे बिघडले तर. जुलै १९६० मध्ये पाणबुडीतून पोलारिस यशस्वीरीत्या डागले गेले आणि पर्टचा बोलबाला झाला. नंतरच्या अभ्यासातून मात्र असे पुढे आले की रोजच्या कामापेक्षा वरिष्ठांचा विश्वास मिळवायला त्या तक्त्यांचा उपयोग जास्त झाला. दाखवण्यासाठीचे वेळापत्रक आणि चालवण्यासाठीचे वेळापत्रक यांची फारकत इतकी जुनी आहे.

भारतात अशा शिक्षणाची सोय महाराष्ट्रात लवकर झाली. १९६३ मध्ये पवईला औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था, म्हणजे निटी, उभी राहिली आणि १९८३ मध्ये बांधकाम व्यवस्थापनासाठी निकमार ही संस्था. त्याच सुमारास प्रायमाव्हेरा आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ही वेळापत्रकाची सॉफ्टवेअर बाजारात आली. सोय वाढली, पण भिंतीवरचा तक्ता नियोजन करणाऱ्या एका माणसाच्या संगणकात गेला.

कोकण रेल्वेचा अनुभव म्हणूनच मोलाचा वाटतो. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हा उद्दिष्ट सुमारे पाच वर्षांचे होते. मार्ग रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा, त्यात ९० हून जास्त बोगदे आणि सुमारे २,००० पूल. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली मार्गाचे सात विभाग पाडले गेले आणि प्रत्येक विभागाच्या मुख्य अभियंत्याला जागेवर निर्णय घेण्याचे अधिकार मिळाले. तरीही मुदत चुकली. गोव्यात मार्गावरून आंदोलन झाले. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली, माणसे गेली. संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. सह्याद्रीच्या पायथ्याची माती कोणत्याही चार्टवर आधी दिसत नाही. ती जिथे उघडी पडते, तिथे उभ्या असलेल्या माणसाला थांबण्याचा, पद्धत बदलण्याचा अधिकार हवा, आणि ‘उशीर होणार’ हे वर कळवायची भीती नको. तो अधिकार आणि ती निर्भयता सॉफ्टवेअरच्या वर्गात शिकवली जात नाही.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी एकत्र येऊन ‘अजाइल’चा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. याच विचाराच्या, तोवर रुळू लागलेल्या स्क्रम नावाच्या पद्धतीत टीमची रोज पंधरा मिनिटांची बैठक होते. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतही ती नेहमीची झाली आहे. काल काय केले, आज काय करणार, हे झाले की तिसरा प्रश्न येतो: काय अडले आहे? गँटच्या तक्त्यावरची अक्षरे याच प्रश्नाचे उत्तर देत होती.