चांदी, पिरोजा, पोवळं आणि चिंचेचं पाणी

माझ्या आत्याला तिच्या मुलाने ऍरिझोनाहून एक अंगठी आणली होती, नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या कारागिराने हाताने घडवलेली, मधे निळा पिरोजा आणि बाजूला दोन लाल पोवळी. नक्षीच्या खाचा काळ्या दिसतात म्हणून दिवाळीआधी समई-निरांजनांबरोबर तीही चिंचेच्या कोळात बुडवायचा तिचा विचार होता. मी अक्षरशः हातातून काढून घेतली! का ते सांगते, कारण या एका अंगठीत खूप केमिस्ट्री भरलीये.

नावाहो लोक स्वतःला दिने म्हणतात. अमेरिकन सैन्याने 1864 मधे त्यांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून शेकडो मैल चालवत नेलं, 1868 च्या करारानंतर ते परत आले, आणि चांदीचं काम खऱ्या अर्थाने पसरलं ते त्यानंतर. आत्सिदी सानी हा त्यांच्यातला पहिला सोनार मानतात, तो आधी मेक्सिकन लोहाराकडून लोखंडाचं काम शिकला होता. चांदी कुठून आणायची? तर नाणी वितळवून. अमेरिकन डॉलरच्या नाण्यात तेव्हा 90% चांदी आणि 10% तांबं असायचं. हे तांबं फार कामाचं, कारण शुद्ध चांदी इतकी मऊ की रोजच्या वापरात वाकते, तांब्याचे अणू मधेमधे घुसले की चांदीच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत. हातोडीने ठोकल्यावर ती अजून कडक होते, आणि फार कडक झाली की तडकते, म्हणून कारागीर ती मंद लाल होईपर्यंत तापवतो, मऊ करतो, परत ठोकतो. हे चक्र किती वेळा करायचं ते हाताला कळतं.

आता गंमत बघा, पिरोज्याचा निळा रंगसुद्धा तांब्याचाच. कोरड्या वाळवंटात तांब्याच्या खनिजांमधून पाणी हळूहळू झिरपतं, वाटेत ऍल्युमिनियम आणि फॉस्फेट भेटतं आणि खडकाच्या फटींमधे पिरोजा साठतो. त्यात लोह जास्त आलं की रंग हिरव्याकडे झुकतो. ऍरिझोनातल्या किंगमन, बिसबी, मोरेन्सी या पिरोज्याच्या प्रसिद्ध जागा मुळात तांब्याच्या खाणी आहेत. दिने लोकांसाठी तो पवित्र, त्यांच्या चार पवित्र पर्वतांपैकी दक्षिणेचा पर्वत पिरोज्याचा. पण हा दगड सच्छिद्र असतो, तेल, साबण, परफ्यूम सगळं पितो आणि वर्षानुवर्षं वापरून हिरवट होतो. म्हणून आजकाल बराचसा पिरोजा रेझिन भरून पक्का केलेला असतो.

पोवळं मात्र दगडच नाही. ते समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेलं कॅल्शियम कार्बोनेट, आणि लाल रंग गाजराच्या रंगाच्या कुळातल्या द्रव्यांचा. भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं, म्हणजे आपल्याकडे मंगळासाठी 'इटालियन पोवळं' म्हणून विकतात तेच, स्पॅनिश लोकांच्या व्यापारातून तिकडे पोचलं. त्याची फांदी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही. आणि आम्ल लागलं की ते चक्क विरघळायला लागतं, खडूवर लिंबू पिळल्यासारखं. चिंच म्हणजे आम्लच ना!

कारागिराला हे सगळं सांभाळायचं असतं. डाग देताना, म्हणजे तुकडे सांधताना, चांदी सहाशे-सातशे अंशांच्या पुढे तापते, नंतर काळेपणा काढायला ती सौम्य आम्लात टाकतात, म्हणजे पिरोजा नि पोवळं दोघांचाही जीव जाईल. म्हणून आधी ठसे मारायचे, रिकामं कोंदण जोडायचं, आम्लातून काढायचं, खाचा मुद्दाम काळ्या करायच्या, घासून वरचा भाग उजळायचा आणि सगळ्यात शेवटी दगड बसवून कोंदणाची पातळ कड हळूच त्यावर दाबायची. मला या कामात सगळ्यात जास्त हे आवडतं. जुन्या पद्धतीत दगडाखाली लाकडाचा भुसा भरतात, दगडाला गादी म्हणून, आणि तो पाण्याने फुगतो, म्हणजे बुडवणं तर नकोच.

आणि त्या काळ्या खाचा म्हणजे मळ नाही, तो सिल्व्हर सल्फाइडचा थर आहे, हवेतल्या गंधकाने आपली चांदीची निरांजनं काळी पडतात तोच. त्यामुळेच नक्षी उठून दिसते. आत्या आता फक्त कोरड्या सुती कापडाने पुसते, आणि पीठ मळायच्या आधी अंगठी काढून खिडकीत ठेवते.