ड्रॅगचा आकडा मोठा म्हणजे रीळ चांगलं?

‘समुद्रावर गळाने मासे गरवायला जातोस ना, मग १५ किलो ड्रॅगचंच रीळ घे,’ हा सल्ला कोकण किनाऱ्यावर नवख्याला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

रीळ म्हणजे गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र आणि ड्रॅग म्हणजे त्यातल्या चकत्यांचा ब्रेक. माशाने ठरावीक जोराच्या वर ओढलं की हा ब्रेक दोरी सोडतो, म्हणून ती तुटत नाही. तो साधारण दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. ९ किलोच्या दोरीला अडीच-तीन किलो, बस्स. १५ किलोपर्यंत आवळलात तर दोरी तरी तुटेल, नाहीतर गाठ सुटेल.

बघायचं ते वेगळंच. दोरीचं टोक हुकाच्या वजनकाट्याला बांधा आणि सावकाश ओढा. ड्रॅग आधी अडकून मग झटक्याने सुटत असेल, तर ते रीळ नकोच. जिताडा माशाच्या पहिल्या उसळीला दोरी तुटते ती नेमकी त्या अडकण्यामुळे. कार्बनच्या चकत्या तापल्या तरी फेल्टच्या (दाबलेल्या नमद्यासारख्या कापडाच्या) चकत्यांपेक्षा एकसारख्या चालतात.

आणि हो, दोरी निघत जाते तसा स्पूलवरचा, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या भागावरचा, थर बारीक होतो आणि त्याच ड्रॅगचा ताण वाढतो. व्यास निम्मा, तर ताण दुप्पट. मासा लांब पळाला की म्हणूनच ड्रॅग थोडा सैल करावा.