पेटीचा भाता आणि महाधमनी

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी परवा लिफ्टपाशी गाठलं. त्यांचा पुतण्या चोवीस वर्षांचा. तान्हा असताना महाधमनीचं ऑपरेशन झालेलं. "नळ चोंदला होता, मोकळा केला. मग दरवर्षी तपासणीचे हेलपाटे कशाला? घरच्या मशीनवर बीपी तर ११० येतं." नळाची ही उपमाच घोटाळा करते.

महाधमनी डाव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून निघते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि खाली पोटाकडे जाते. डाव्या हाताच्या धमनीचा फाटा निघतो त्याच्या जरा पुढे काही बाळांत ती जन्मतःच चिमटलेली असते. मग डोक्यात-हातांत दाब चढा, पायांत कमी. मनगटावरची नाडी दणदणीत, जांघेतली पुसट आणि किंचित उशिरा येणारी. नुसतं मनगट धरून सगळे रोग सांगणाऱ्यांची इथे फसगत ठरलेली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'ब्लॉकेज वितळवणारा' लसणाचा काढाही कामाचा नाही. चरबी साचलेलीच नाही, धमनीची भिंतच आत आलेली आहे.

मूत्रपिंडं चिमट्याच्या पलीकडची. रक्ताचा दाब पडलाय अशा समजुतीने ती रेनिन नावाचं, दाब चढवणारं द्रव्य सोडतात, आणि वरचा दाब आणखी चढतो. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी आवळून दाब वाढतो हे संशोधक हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्येच दाखवलं होतं. हृदय यावर एकच उपाय जाणतं, भिंत जाड करणं. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. दाब वाढला की जाडी वाढवूनच ताण आटोक्यात राहतो. पण जाड स्नायू नीट सैल पडत नाही.

ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टॉकहोमला सर्जन क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १२ वर्षांच्या मुलाचा चिमटलेला भाग कापून दोन टोकं शिवली. आता फुग्याने किंवा स्टेंट घालूनही वाट रुंद करतात. वरचा दाब उतरतो, जाड झालेली भिंत हळूहळू बारीक होते. इथवर नळाची उपमा चालते.

आता पेटी आठवा. मागचा भाता आपण थांबून थांबून मारतो, तरी सूर सलग निघतो. कारण आतला दुसरा भाता हवा साठवतो आणि स्प्रिंगच्या जोरावर सोडत राहतो. महाधमनी हा आपला आतला भाता. ठोक्यासरशी ती फुगते, आणि हृदय विसावलं की आक्रसून रक्त पुढे ढकलते. चिमटा घेऊन जन्मलेली महाधमनी बरेचदा मुळातच कमी लवचीक असते, त्यात शिवणीची किंवा स्टेंटची जागा फुगत नाही.

याचा फटका कसा बसतो ते पाहण्याजोगं आहे. नाडी म्हणजे वाहतं रक्त नव्हे, भिंतीतून धावणारी दाबाची लाट. खिळ्याला बांधलेला दोर झटकला की लाट खिळ्यावर आपटून परत हाताकडे येते, तशी हीही धमन्यांच्या फाट्यांवरून परतते. तरुण, लवचीक महाधमनीत तिचा वेग सेकंदाला साधारण ५ मीटर. ती हृदयापाशी पोचते तेव्हा महाधमनीच्या तोंडाची झडप मिटलेली असते, आणि त्या वाढीव दाबाने हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं. डावी जवनिका आपलं जेवण विश्रांतीतच उरकते ना! भिंत ताठ असली की लाट लवकर परतते, झडप उघडी असतानाच. हृदय रक्त बाहेर लोटतंय आणि समोरून लाट अंगावर येतेय. ओझं वाढलं, जेवणाच्या वेळचा दाब घटला. म्हणून बसल्या जागी बीपी ठीक असलेल्यांचंही पळताना भलतंच चढू शकतं.

गृहस्थांना विचारलं, पट्टा कुठल्या हाताला बांधता? "डाव्या." तान्ह्या बाळांत काही वेळा डाव्या हाताचीच धमनी कापून, उलगडून चिमट्यावर ठिगळ म्हणून लावतात. मग त्या हाताला रक्त आडवाटेने मिळतं आणि दाब कमी दिसतो. पुतण्याच्या जुन्या कागदांत तेच निघालं. रात्री त्यांचा फोन आला. उजव्या हातावर १४८.